लिलावातला मुखवटा मागे घ्या : मंडळाच्या कमिटीला एक जाहीर गाऱ्हाणं

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी वहिनी, खजिनदार आणि कमिटीतले सगळे,

नमस्कार.

मंडळाला दान आलेला तो जुना मुखवटा लिलावात विकू नका, हे सांगणारं पत्र आधी मी फक्त तुम्हालाच पाठवलं होतं, दोनदा. पहिल्यांदा उत्तरात एक अंगठा आला, दुसऱ्यांदा "बघतो" आलं, आणि तीन दिवसांनी दिवाळी डिनरचं पोस्टर आलं. त्यात लिलावाच्या यादीत सगळ्यात वर तोच मुखवटा, "अँटिक ट्रायबल मास्क, सुरुवातीची बोली ५०० डॉलर". शेजारी पैठणी, एअर फ्रायर आणि कुणाच्यातरी टाइमशेअरचे दोन दिवस. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. मंडळाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण इथे कॅनडात व्हँकुव्हरच्या आसपास मंडळं बरीच आहेत आणि अशा वस्तू इतरांच्या हॉलमध्ये पण येत असणार. कुणाला उघडं पाडायचं नाहीये, फक्त शनिवारच्या डिनरच्या आत हे थांबायला पाहिजे.

मी कोण, तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी संगमेश्वरकडचा सुतार. आजोबा वाकस चालवायचे, वडिलांचे हात पटाशीत गेले, आणि मी गेली अठरा वर्षं इथल्या सरे शहरात लोकांच्या किचनमध्ये कॅबिनेटं बसवतोय. मंडळाचं मखर दरवर्षी मीच करतो. म्हणजे बाहेरून येऊन ज्ञान पाजळणारा नाही.

तो मुखवटा मी फोटोत नाही, हातात घेऊन बघितलाय. फोल्डिंग टेबलं ठेवायला वहिनींच्या गराजमध्ये आलो होतो तेव्हा. लाकूड रेड सीडर, त्यामुळे दिसतो त्या मानाने एकदम हलका. लांब चोचीचा पक्षी, खालची चोच चामड्याच्या बिजागरीवर हलते, दोरी ओढली की मिटते. पण बाहेरचं राहू दे, मी आतून बघितला. आतल्या बाजूला वाकड्या सुरीचे एकेक घाव मोजता येतात, आणि जिथे कपाळ टेकतं तिथे ते घाव झिजून गुळगुळीत आणि काळे झालेत. घामाने. डोक्याला बांधायच्या भोकांत सालीचे तंतू अजून अडकलेत. कडेला एक पिवळा कागद चिकटवलाय, त्यावर शाईने आकडा. टुरिस्टला विकायला केलेल्या वस्तूची आतली बाजू कुणी अशी करत नाही, आणि भिंतीवर लावलेल्या वस्तूला आतून घाम लागत नाही. हा मुखवटा कुणीतरी घालून नाचलेला आहे, खूप वेळा.

मी एक्स्पर्ट नाही. नकली पण असू शकतो, या बाजारात जुना दिसावा म्हणून धूर देऊन काळा केलेला माल भरपूर फिरतो. पण मग नकली असेल तर आपण आपल्याच लोकांना ५०० डॉलरला टोपी घालतोय, आणि खरा असेल तर त्याहून वाईट. दोन्हीकडून लिलाव चुकीचाच ठरतो.

आता मला हे एवढं का लागलं ते सांगतो. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, पालखीत लावतात. वर्षभर ती पेटीत बंद. पेटी कुठल्या घरी, किल्ली कुणाकडे, रूपं लावणार कोण, पालखीला पहिला खांदा कुणाचा, सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, कोण कुठे बसणार, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, आणि त्यावरून भावकीत कोर्टकचेऱ्यासुद्धा झालेल्या. चांदी किती तोळे हा प्रश्न कुणी विचारत नाही. मान कुणाचा, एवढाच प्रश्न असतो. कमिटीतले निम्मे लोक कोकणातले आहेत, तुम्हाला हे मी समजावून सांगायची गरज नाही.

व्हँकुव्हर आयलंडच्या उत्तरेला आणि समोरच्या बेटांवर राहणाऱ्या क्वाक्वाक्यवाक्व या इथल्या मूळ लोकांत मुखवट्याचं जवळपास हेच आहे. मुखवटा एकटा नसतो. त्याच्याबरोबर एक नाच, एक गाणं, एक नाव आणि त्या घराण्याची गोष्ट असते, आणि ते सगळं मिळून एक मान होतो. तो वारशाने येतो नाहीतर लग्नातून. नाच नसेल तेव्हा मुखवटा पेटीत, कुणाच्या नजरेला पडत नाही. आणि हा मान सगळ्यांसमोर मांडायचा समारंभ म्हणजे पॉटलॅच. आपल्याकडे पाहुणा आहेर आणतो, तिथे यजमान पाहुण्यांना आहेर करतो, आणि आहेर घेतला म्हणजे तुम्ही साक्षीदार झालात, उद्या कुणी विचारलं तर होय, हा मान या घराचाच, असं सांगायला तुम्ही बांधील. लिहिलेला कागद नाही, माणसं हाच कागद.

हाच समारंभ कॅनडा सरकारने बंद केला. १८८४ मध्ये इथल्या मूळ रहिवाशांना लागू असलेल्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली, १८८५ पासून पॉटलॅच करणं गुन्हा, आणि ते कलम १९५१ पर्यंत टिकलं. ६६ वर्षं. म्हणजे आपल्याकडे कुणी सांगितलं असतं की पालखी काढलीत तर जेल, आणि तीन पिढ्या गेल्या असत्या.

नुसता कागदावरचा कायदा नव्हता हा. १९२१ च्या डिसेंबरमध्ये व्हिलेज आयलंडवर त्यांच्यातल्या डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. विल्यम हॅलिडे नावाच्या इंडियन एजंटने, म्हणजे मूळ रहिवाशांवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, ४५ जणांवर खटले भरले. आरोप काय, तर भाषण केलं, नाचले, आहेर वाटला. मग सौदा असा ठेवला की गावाने आपले मुखवटे, खुळखुळे, तांब्याच्या ढाली सगळं आणून दिलं तर शिक्षा स्थगित. ज्यांनी नाही ऐकलं ते वीसेक बायका-पुरुष ओकाला जेलमध्ये गेले. ओकाला कुठे होतं माहितीये का? बर्नबीत, डिअर लेकच्या कडेला. जेल १९९१ ला बंद झालं, आता तिथे टाउनहाउसेस आहेत. आपण ज्या तळ्याकाठी दर उन्हाळ्यात पिकनिकला मिसळ करतो तेच तळं.

जमा झालेल्या शेकडो वस्तू अ‍ॅलर्ट बे या तिथल्याच गावच्या चर्चच्या हॉलमध्ये मांडल्या, बघायला तिकीट लावलं. मग त्या ओटावा आणि टोरांटोच्या म्युझियममध्ये गेल्या, आणि त्याच्या आधीच न्यूयॉर्कचा एक मोठा संग्राहक, जॉर्ज हे, येऊन त्यातल्या तीसेक उचलून गेला. सरकारने बाकी वस्तूंचे किरकोळ पैसे दिले, तांब्याच्या ढालींचे तेही नाहीत, आणि त्या समाजात सगळ्यात मोठी किंमत तांब्याच्या ढालीचीच. तर पुढच्या वेळी कुणी म्हणालं की "अहो त्यांनी स्वतःच विकल्या ना", तर ही विक्री कशी झाली ते आठवा.

आणि ही झाली बंदीची गोष्ट, त्याच्या आधी देवीची साथ आली होती. १८६२ मध्ये व्हिक्टोरियाहून ती किनाऱ्याने वर सरकली आणि गावंच्या गावं रिकामी झाली. याच किनाऱ्यावरचे हाइडा लोक हजारोंनी होते, शतक संपेपर्यंत काहीशे उरले. जगलेले लोक एक-दोन गावांत एकत्र आले, मागे घरं आणि कोरीव खांब, म्हणजे टोटेम पोल, राहिले, आणि म्युझियमची माणसं होड्या घेऊन आली, म्हणे "बेवारस" आहे. कोकणात आमच्या वाडीतली निम्मी घरं बंद आहेत, माणसं मुंबईत. बेवारस म्हणून कुणी दाराची चौकट काढून नेली तर काय कराल?

आता माझ्या तक्रारी, जरा क्रमाने, जमेल तेवढ्या.

पहिली म्हणजे मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो. कमिटीतल्या एकांच्या मुलाने मुखवटा तोंडाला लावलाय आणि खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. पोराला दोष नाही. पण जुन्या संग्रहातल्या वस्तूंना कीड लागू नये म्हणून पूर्वी आर्सेनिक आणि पाऱ्याची औषधं मारायचे, परत मिळालेले मुखवटे नाचात वापरायला आज लोकांना भीती वाटते ती यामुळे. त्या मुलाचा हात-तोंड धुतलं का हे मी तेव्हाच विचारलं होतं, त्याचंही उत्तर नाही. आणि आरोग्य सोडा, आपल्या देवीचं रूप कुणी पोराच्या तोंडाला बांधून सेल्फी काढला असता तर आपण काय केलं असतं, ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहितीये.

दुसरी, तो लँड अ‍ॅक्नॉलेजमेंटचा परिच्छेद. प्रत्येक कार्यक्रमाआधी आपण अडखळत वाचतो, क्वांटलन, केट्सी, सेमियामू या मूळ रहिवाशांच्या भूमीवर आपण जमलोय वगैरे, मग गणेशवंदना. शनिवारी तोच परिच्छेद वाचून अर्ध्या तासात किनाऱ्यावरच्याच कुणाच्यातरी पूजेतली वस्तू बोलीला लावणार? निदान त्या दिवशी तो परिच्छेद तरी वाचू नका मग.

तिसरी मला सगळ्यात जास्त टोचते. २०२४ च्या जुलैमध्ये वाघनखं लंडनहून साताऱ्यात आली तेव्हा आपल्या ग्रुपवर काय जल्लोष होता. ती पण तीन वर्षांच्या उसनवारीवर आलेली, तरी. २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र सरकारने ४७ लाखांच्यावर मोजून ती घेतली, ऑगस्टमध्ये मुंबईत आली, आणि आपल्याच अध्यक्षसाहेबांनी लिहिलं होतं की आपलीच वस्तू आपल्याला पैसे टाकून घ्यावी लागते ही केवढी शरमेची गोष्ट. शंभर टक्के पटलं होतं मला, हार्ट पण दिला होता. मग आता आपण टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसलोय, हे दिसत नाही का कुणाला?

हे इथल्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या बाबतीत पण झालंय. १८६३ मध्ये डंडस नावाचा एक पाद्री मेटलाकाट्लाहून सिमशियन लोकांच्या वस्तू घेऊन गेला. २००६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव झाला, सुमारे ७० लाख डॉलर. ज्यांच्या वस्तू, त्यांच्या आवाक्यात ते कुठून असणार. श्रीमंत कॅनेडियन खरेदीदार आणि म्युझियम पुढे आले म्हणून बऱ्याच वस्तू निदान देशात तरी राहिल्या.

आणि मुखवटा जाणं म्हणजे काय ते कोकणाला दिवेआगरने दाखवलंय. १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत सापडलेला सोन्याचा गणपतीचा मुखवटा, २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, चोरांनी मुखवटा वितळवला. सोनं परत मिळालं, गावाला सोनं नको होतं. माझी मावशी तिकडची, ती अजून त्या दिवसाचं बोलताना मध्येच थांबते.

बरं, तुमचं म्हणणं पण ऐकून घेतलंय मी, खजिनदार काकांशी फोनवर पाऊण तास बोललो. ते म्हणाले कायदेशीर आहे. असेलही. अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या म्युझियमनी अशा वस्तू परत करायच्या, आणि २०२२ च्या शेवटी त्या देशाबाहेर न्यायलाही बंदी आली. परत करायचा तसा देशभराचा कायदा कॅनडात नाही, एक विधेयक २०१९ मध्ये सिनेटमध्येच अडकून मेलं. खासगी घरातल्या कपाटाला तर कुठलाच कायदा विचारत नाही. पण काका, १९२१ ला जे झालं ते पण कायद्याच्या नावानेच झालं. बेकायदा नाचणारे होते.

मग म्हणाले, आपण कुठे लुटलं, आपल्या मेंबरने एका म्हाताऱ्या बाईच्या घराच्या सेलमध्ये रीतसर घेतलाय आणि मोठ्या मनाने मंडळाला दिलाय. मान्य, त्या मेंबरवर माझा काडीचा राग नाही. प्रश्न त्यांनी कसा घेतला हा नाहीच, आता कळल्यावर आपण काय करतो हा आहे. फ्रान्समध्ये आंद्रे ब्रेताँ नावाच्या कवीकडे या १९२१ च्या वस्तूंपैकी एक शिरोभूषण होतं, त्याने विकत घेतलेलं. त्याच्या मुलीला ते कुठून आलं हे समजल्यावर ती २००३ मध्ये स्वतः अ‍ॅलर्ट बेला आली आणि देऊन गेली. कायद्याने कुणी सांगितलं नव्हतं. आणि दुसऱ्या टोकाला जॉन बॅरीमोर, हॉलिवूडचा नट, १९३१ मध्ये यॉट घेऊन अलास्काला गेला, त्लिंगित लोकांचा टोटेम पोल उचलला, तुकडे करून नेला आणि बागेत उभा केला. तो पुढे व्हिन्सेंट प्राइस या दुसऱ्या नटाने घेतला, मग होनोलुलूच्या म्युझियममध्ये पडला, घरी पोचला २०१५ मध्ये. ८४ वर्षं एका हातातून दुसऱ्या हातात, प्रत्येकाने रीतसरच घेतला.

शेवटचं त्यांचं वाक्य होतं की आपल्याकडे नीट राहील, तिकडे कुजेल. यावर मी खरंच हसलो, कारण हे गणपती विसर्जन करणारा माणूस बोलत होता. या किनाऱ्यावरच्याच हाइस्ला लोकांचा एक कोरीव खांब १८७२ मध्ये उभा केलेला, १९२९ ला स्वीडनला गेला. तो परत मागितला तर स्टॉकहोमचं म्युझियम म्हणायचं, आधी नीट इमारत बांधा, मग देतो. हाइस्लांचं म्हणणं, खांब उभा राहतो, वाकतो, पडतो, मातीत जातो, तेवढंच त्याचं आयुष्य. २००६ मध्ये तो आला, आणि काही वर्षांनी त्यांनी तो जुन्या गावाच्या जागी नेऊन मातीत जायला ठेवला. गोऱ्या म्युझियमवाल्यांना हे पचायला जड गेलं असेल, आपल्याला का जावं? निस्गा लोकांचा खांबही १९२९ लाच गेला, एडिनबराला. लोक शिकार-मासेमारीला गेले असताना काढलेला, तो २०२३ मध्ये एअर फोर्सच्या विमानातून परत आला, ११ मीटरचा. म्हणजे होतं परत, जमतं.

मी तीन वर्षांपूर्वी अ‍ॅलर्ट बेला गेलो होतो. पोर्ट मॅकनीलहून फेरी, पाऊस, आम्ही चारच प्रवासी. तिथलं उमिस्ता कल्चरल सेंटर १९८० मध्ये परत आलेल्या वस्तूंसाठीच बांधलं. पूर्वी धाडीत पळवून नेलेला माणूस सुटून घरी आला की त्याला उमिस्ता झाला म्हणायचे, म्हणून हे नाव. आत मुखवटे काचेमागे नाहीत, उघडे आहेत, आधीच खूप वर्षं कोंडले होते म्हणून. मी सुतार म्हणून कोरीवकाम बघायला गेलो होतो, ते ओव्हल डोळे, जाड-बारीक होत जाणारी काळी रेघ, पण दहा मिनिटांत ते विसरलो. गावी सहाणेवर पालखी टेकली की गर्दी एकदम गप्प होते ना, तसं झालं.

संग्रह करूच नका असं मी म्हणत नाही, हे आपल्यातल्या त्या तीन-चार घरांसाठी ज्यांची कपाटं भरलेली आहेत. सावंतवाडीची लाकडी खेळणी आपण खुशाल घेतो, ती विकायलाच केलेली. तसंच हाइडा लोक काळ्या दगडाचं कोरीवकाम दोनशे वर्षं बाहेरच्यांना विकायलाच करत आलेत. आज पण किनाऱ्यावर जबरदस्त कलाकार आहेत, माझ्याकडे एक आल्डर लाकडाचा चमचा आहे, करणाऱ्याच्या हातून घेतलेला, नाव मागे कोरलेलं. खेळणं आणि रूप यातला फरक आपल्याला कळतो, मग इथे का गोंधळ होतो?

तर मागण्या. मुखवटा आणि त्याच्याबरोबर पेटीत आलेला तो पक्ष्याच्या आकाराचा खुळखुळा, दोन्ही लिलावातून आजच काढा आणि पोस्टर बदला. ग्रुपवरचे फोटो काढा, वापरून बघतानाचा तर आधी. आतल्या त्या पिवळ्या कागदाचा, आकड्याचा नीट फोटो घ्या, ज्या घरातून वस्तू आल्या तिथल्या लोकांना विचारून जे कळेल ते लिहून ठेवा, आणि हे सगळं उमिस्ताला आणि यूबीसी या इथल्या विद्यापीठाच्या म्युझियम ऑफ अँथ्रोपॉलॉजीला ईमेल करा. मुखवटा क्वाक्वाक्यवाक्वच असेल असं मी छातीठोक सांगत नाही, शेजारच्या नूचानुल्थ किंवा नुहाल्क लोकांचा पण असू शकतो, ते ओळखणारे तिथे आहेत. ज्यांचा निघेल त्यांना बिनशर्त द्यायचा. सत्कार, शाल-श्रीफळ, स्टेजवर फोटो, असली अट नको, त्यांना नको असेल तर गुपचूप द्यायचा. नेऊन द्यायचा खर्च मंडळ करेल, नसेल जमत तर मी माझ्या व्हॅनने नेतो, पेट्रोल माझं. आणि ५०० डॉलरचं नुकसान होतंय असं वाटत असेल तर मी चौरंग करून देतो, मेपलचा, घडीचा, तो लावा बोलीला. चांगला करीन.

ज्या मेंबरने दान दिलं त्यांच्याशी मी स्वतः बोलायला तयार आहे, त्यांना चोर ठरवणारा एक शब्द निघणार नाही.

उत्तर गुरुवारपर्यंत द्या. नाही आलं तर मी शनिवारी हॉलच्या आत येणार नाही, दाराशी हेच पत्र छापून वाटत उभा राहीन, मखर मात्र पुढच्या वर्षी पण मीच करणार, ते भांडण वेगळं.

आणि एक, हे उत्तराची वाट न बघता आज रात्रीच करा वहिनी. मुखवटा गराजमध्ये हीटरच्या बरोबर वरच्या फळीवर आहे. जुनं सीडर असं तापलं की उभं तडकतं. घरात आणा, पायऱ्यांखाली ठेवा, जुन्या सुती चादरीत गुंडाळून. हाताला ग्लोव्ह घाला. तेल, पॉलिश काही लावू नका.

तुमचाच,
मंडळाचा सुतार